‘लेकी बोले सुने लागे’ इस्तंबूलमध्येही म्हणतात: तुर्किक भाषा, म्हणी आणि घरातली बाई

एका एमए करणाऱ्या मुलीने विचारलंय की तुर्किक भाषांमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ असा फरकच नाहीये, मग त्या समाजांमध्ये घरात बाईला बरोबरीचं स्थान होतं असं थीसिसमध्ये लिहिता येईल का, आणि पुरावा म्हणून म्हणी वापरल्या तर चालतील का. मी गेली 22 वर्षं तुर्की शिकवतेय, भाषांतर करतेय, कझाख आणि उझ्बेक नंतर शिकले, त्यामुळे ह्या प्रश्नाशी माझं जुनं भांडण आहे. उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. तुर्की म्हणजे तुर्कस्तानची भाषा, आणि तुर्किक म्हणजे अख्खं कुटुंब: तुर्की, अझरबैजानी, तुर्कमेन, उझ्बेक, कझाख, किरगीझ, उइगुर, तातार, पार सैबेरियातल्या साखा भाषेपर्यंत. ह्यात गावात वाडे बांधून राहणारे शेतकरी आले, बाजारपेठेतले व्यापारी आले आणि घोड्यावर घर लादून फिरणारे भटके पण आले. त्यामुळे ‘तुर्किक बाई’ अशी एकच बाई कुठे नाही, हे पहिल्या पानावर लिहून टाका.

आता सर्वनाम. तुर्कीत ‘ओ’ म्हणजे तो, ती, ते सगळंच. शब्दांना लिंग नाही, क्रियापदाला लिंग नाही. मराठीत आपण ‘आली’ म्हटलं की बाई आली हे कळलंच, तुर्कीत ‘गेल्दी’ म्हटलं तर कोण आलं ते पुढच्या वाक्यापर्यंत थांबून बघावं लागतं. भाषांतर करताना मी एका कथेत अडकले होते, लेखकाने तीन पानं निवेदक बाई की पुरुष ते सांगितलंच नव्हतं आणि मराठीत मला पहिल्याच क्रियापदाला ठरवणं भाग होतं. पण ह्याचा घरातल्या बरोबरीशी काही संबंध नाही हो. ‘ओ’ म्हणणारी माणसंच घरात मुलगी झाली की तिचं नाव ‘येतेर’ ठेवतात, म्हणजे ‘पुरे’. कझाखमध्ये ‘उलबोल्सिन’ असं मुलीचं नाव असतं, अर्थ ‘मुलगा होऊ दे’. अझरबैजानीत ‘बेस्ती’, म्हणजे परत ‘बस झालं’. आपल्याकडे साताऱ्यात 2011 मध्ये ‘नकुशी’ नावाच्या 285 मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला होता ते आठवत असेल. मराठीत तीन लिंगं आहेत आणि तुर्कीत एकही नाही, आणि दोन्हीकडे मुलीचं नाव एकाच वैतागातून आलंय. सर्वनामावर थीसिस उभा करू नका.

बघायचं असेल तर क्रियापदं बघा, खरी मजा तिथे आहे. तुर्कीत लग्न करणे म्हणजे ‘एवलेनमेक’, ‘एव’ म्हणजे घर, म्हणजे शब्दशः ‘घरवाला होणे’. तुर्कस्तानात आज बाई आणि पुरुष दोघांनाही हे क्रियापद चालतं. पण शेजारी अझरबैजानमध्ये जा, तिथे ‘एवलेनमेक’ हे मुख्यतः पुरुषाचं काम, बाई ‘एरे गेतमेक’ करते, म्हणजे ‘नवऱ्याकडे जाते’. कझाखमध्ये पुरुष ‘उयलेनेदी’, ‘उय’ म्हणजे घर, त्याला घर मिळतं, आणि बाई ‘तुर्मिस्का शिगादी’, म्हणजे ती ‘संसाराला बाहेर पडते’. उझ्बेकमध्ये तर जुना शब्द ‘एरगा तेग्मोक’ असा आहे, ‘तेग्मोक’ म्हणजे लागणे, स्पर्श होणे. एकच लग्न, एकाच मांडवात, त्याला घर येतं आणि तिचं घर सुटतं. आपल्याकडे पण ‘नांदणे’ बघा ना, ‘ती सासरी नांदत नाही’ असं म्हणतात, ‘तो नांदत नाही’ असं कोणाच्या तोंडून ऐकलंय का? आणि ‘मुलगी दिली’, ‘लेक उजवली’ हे मुलाबद्दल कधीच नाही.

सुनेला तुर्कीत ‘गेलिन’, कझाख-किरगीझ-उझ्बेकमध्ये ‘केलिन’. हा शब्द ‘गेल’ किंवा ‘केल’ म्हणजे ‘ये’ ह्या धातूवरून आलाय असं मानतात, म्हणजे ‘आलेली’. नवरी आणि सून दोन्हीला हाच शब्द, आणि वीस वर्षं झाली, चार मुलं झाली तरी ती ‘आलेली’च. बोलीत तिला ‘एल किझी’ पण म्हणतात, परक्याची मुलगी.

अजून एक शब्द सांगते जो माझा फार आवडता आहे आणि त्यासाठी तेराशे वर्षं मागे जावं लागतं. मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात दगडावर कोरलेले तुर्किक लेख आहेत, क्युल तिगिनचा 732 सालचा आणि बिल्गे कागानचा 735 सालचा. त्यात राजा, म्हणजे बिल्गे कागान (कागान म्हणजे सम्राट), सांगतो की आकाशाने माझ्या वडिलांना आणि माझ्या आईला, इल्बिल्गे खातूनला, दोघांना वर उचललं. आईला तो ‘उमाय सारखी’ म्हणतो, उमाय म्हणजे बाळंतपणाची आणि बाळांची देवी. इथे ‘कातुन’ म्हणजे राणी, थेट कागानच्या बरोबरीने नाव घेतलेली. आता ह्याच शब्दाचं पुढे काय झालं बघा: तुर्कीत तो ‘कादिन’ झाला, अर्थ साधा ‘बाई’. उझ्बेकमध्ये ‘खोतिन’, म्हणजे बायको, रोजच्या वापरातला शब्द. आणि कझाखमध्ये ‘कातिन’ आज उद्धट वाटतो, कोणाच्या बायकोबद्दल तोंडावर म्हटलात तर समोरचा चिडेल. एकच शब्द, राणीपासून ‘ए बाई’ पर्यंत. आपला ‘बाई’ शब्द पण असाच फिरलाय, जिजाबाई, अहिल्याबाई ह्यांच्या नावात मानाचा होता आणि आता ‘आज बाई आली नाही’ म्हटलं की भांडी कोण घासणार हा विषय असतो. बेगम आणि खानम हे दोन शब्द मुघलांबरोबर इकडे आले ते सुद्धा तुर्किकच, बेग आणि खान ह्यांचे जोडीदार.

नात्यांच्या शब्दांमध्ये मात्र मराठी माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. इंग्रजीतून तुर्की शिकणाऱ्यांना हे शब्द पाठ करायला लागतात, माझ्या मराठी विद्यार्थ्यांना एका तासात येतात. हाला म्हणजे आत्या, तेय्झे म्हणजे मावशी, दायी म्हणजे मामा, ग्योरुम्जे म्हणजे नणंद, बाल्दिझ म्हणजे मेहुणी, बाजानाक म्हणजे साडू, आणि एल्ती म्हणजे जाऊ, अगदी जाऊच, नवऱ्याच्या भावाची बायको. ज्या भाषेत जावेला वेगळा शब्द आहे तिथे एका चुलीवर दोन सुना असणार आणि म्हण पण असणारच: ‘एल्ती एल्तीये एश ओल्माझ, आर्पा उनुन्दान आश ओल्माझ’, म्हणजे जाऊ जावेची सोबतीण होत नाही आणि जवाच्या पिठाचं जेवण होत नाही. आणि ‘तेय्झे आना यारिसिदिर’, मावशी म्हणजे अर्धी आई. आपली ‘माय मरो पण मावशी उरो’ त्याच्या शेजारी ठेवा. आत्या दोन्हीकडे मागे पडलीये, कारण आत्या म्हणजे आईची नणंद, सासरची पार्टी. कझाखमध्ये तर अजून बारीक हिशेब आहे, धाकट्या बहिणीला भाऊ ‘कारिंदास’ म्हणतो आणि मोठी बहीण ‘सिंगली’ म्हणते, म्हणजे नातं सांगणारा पुरुष आहे की बाई ह्यावर शब्द बदलतो. बघा, सर्वनामात नसलेलं लिंग इथे हजर.

आता म्हणींकडे येते. तुर्की शिकवायला लागले तेव्हा पहिल्या वर्षी एका म्हणीवर मी वर्गात अक्षरशः थांबले. ‘किझिम साना स्योय्लुयोरुम, गेलिनिम सेन आन्ला.’ मुली, तुला सांगतेय, सूनबाई, तू समज. लेकी बोले सुने लागे! कझाखमध्ये ‘किझिम, सागान आय्ताम, केलिनिम, सेन तिंगदा’, उझ्बेकमध्ये ‘किझिम, सेंगा आय्तामान, केलिनिम, सेन एशित’. शब्द थोडे इकडे तिकडे, घर तेच.

ह्या म्हणीकडे नीट बघा, कारण माझा सगळा मुद्दा हिच्यात आहे. ही म्हण कोण बोलतंय? सासू. कोणाला? मुलीला, पण खरं सुनेला. का आडून? कारण सुनेला सरळ बोललं तर तिच्या माहेरापर्यंत जाईल, घरात तमाशा होईल, आणि मुलगी आपलीच आहे, ती ऐकून घेईल. आज तर तुर्कस्तानात ही म्हण राजकारणी लोकांबद्दल सुद्धा वापरतात, एकाला बोलतोय पण टोमणा दुसऱ्याला आहे असं सांगायला, सासू-सून लांब राहिल्या. म्हणून मी नेहमी सांगते की म्हण हे समाजाचं मत म्हणून लिहू नका, म्हण हे कोणीतरी कोणालातरी, एका ठराविक वेळी ऐकवलेलं वाक्य असतं. म्हणींच्या पुस्तकात ती वेळ नसते, नुसतं वाक्य असतं, आणि आपण तेवढ्यावर ‘समाज असा होता’ म्हणून मोकळे होतो.

मुलीबद्दलच्या म्हणी घ्या. कझाख म्हणतात ‘किझ, कोनाक’, मुलगी म्हणजे पाहुणी. इथे आपल्याला लगेच ‘परक्याचं धन’ आठवतं आणि आपण दोन्हीला एका रांगेत बसवतो. पण कझाख घरात पाहुण्याला ‘त्योर’वर बसवतात, म्हणजे दारासमोरची सगळ्यात मानाची जागा, आणि मुलगी पाहुणी म्हणून तिला पण तिथे बसवायची पद्धत, आज आहे उद्या जाईल म्हणून लाड. सून मात्र दाराजवळ, चहा ओतायला. म्हणजे एकच बाई, माहेरी त्योरवर आणि सासरी दाराशी. उझ्बेक म्हण जास्त कडक आहे: मुलगी म्हणजे ‘पालाख्मोन तोशी’, गोफणीतला दगड, कुठे जाऊन पडेल काय माहीत. ज्यांनी ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलीये त्यांना ह्या म्हणीचं दुःख समजावून सांगायला लागत नाही. आणि मग कझाखमध्ये ‘किझगा किरिक उयदेन तियू’, मुलीला चाळीस घरांची बंधनं, म्हणजे एकट्या आईबापांनी नाही तर अख्ख्या वस्तीने तिला रागवायचा हक्क. तुर्कीत ‘किझ बेशिकते, चेयिझ सान्दिकता’, मुलगी पाळण्यात तेव्हाच रुखवत पेटीत. आणि ‘किझिनी द्योव्मेयेन दिझिनी द्योवेर’, मुलीला न मारणारा पुढे स्वतःच्या गुडघ्यावर मारून घेतो. किझ आणि दिझ, मुलगी आणि गुडघा, यमक जुळलं आणि म्हण शतकानुशतकं टिकली. यमकाची ही ताकद फार वाईट असते, वाक्य खोटं असलं तरी कानाला खरं वाटतं.

स्थळ बघायची म्हण सगळीकडे सारखीच: तुर्कीत आईला बघ मुलगी कर, काठ बघ कापड घे. कझाखमध्ये आईला बघून मुलगी कर, वाडगा बघून जेव. आपलं ‘खाण तशी माती’. ह्यावर जास्त वेळ घालवू नका, हे जगभर आहे.

बायकोबद्दल दोन म्हणी मी नेहमी जोडीने शिकवते. तुर्की: ‘कादिन एर्केयी वेझिर दे एदेर, रेझिल दे’, बाई पुरुषाला वजीर पण करते आणि बेइज्जत पण करते. कझाख: पुरुषाला ‘येर’ करते ती पण बायकोच, ‘झेर’ करते ती पण बायकोच. येर म्हणजे मर्द, वीर, आणि झेर म्हणजे जमीन, माती. वरवर बघितलं तर बाईची केवढी ताकद सांगितलीये. पण जरा थांबून विचारा की नवऱ्याची अब्रू गेली तर दोष कोणाकडे गेला? तो वजीर झाला तर तो वजीर, ती वजिराची बायको, आणि तो बुडाला तर तिने बुडवलं. ‘युवायी दिशी कुश यापार’, घरटं मादी पक्षी बांधते, ही तुर्की लग्नाच्या भाषणांमध्ये हमखास येते. माझ्या ओळखीतल्या एका तुर्की बाईंनी सांगितलं की त्यांना ही म्हण आयुष्यात दोनदा ऐकवली गेली, एकदा लग्नात कौतुक म्हणून आणि एकदा नवऱ्याशी पटत नाही म्हणून माहेरी आल्या तेव्हा. शब्द तेच. पहिल्यांदा हार घातला, दुसऱ्यांदा दार लावलं. हे म्हणींच्या पुस्तकात सापडणार नाही, हे विचारायला लागतं.

‘एर्केक सेल, कादिन ग्योल’ पण आहे, पुरुष म्हणजे पूर, बाई म्हणजे तळं, तो आणतो ती साठवते, घरखर्चाबद्दल. आणि त्याच तुर्कीत गावाकडे बायकोला गमतीने ‘काशिक दुश्मानी’ म्हणतात, चमच्याची शत्रू, म्हणजे खाणारं तोंड. साठवणारी पण तीच, संपवणारी पण तीच.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी खरं हे लिहायला घेतलं. तुर्कीत एक अतिशय घाणेरडी म्हण आहे: बाईच्या पाठीवरून काठी आणि पोटातून शिंगरू कमी पडू देऊ नये. ‘सोपा’ म्हणजे काठी, ‘सिपा’ म्हणजे गाढवाचं शिंगरू, परत यमक. 1987 मध्ये अंकाराच्या ईशान्येला चांकिरी नावाचं शहर आहे तिथे एका गरोदर बाईने नवरा मारतो म्हणून घटस्फोट मागितला होता, आणि न्यायाधीशाने अर्ज फेटाळताना ही म्हण वापरली. कोर्टात. निकालात. म्हणजे चावडीवरचं वाक्य कायद्याच्या कागदावर आलं. त्यावर बायका पेटून उठल्या आणि 17 मे 1987 ला इस्तंबूलच्या कादिक्योय भागात मारहाणीच्या विरोधात मोर्चा निघाला, योउर्तचू पार्कमध्ये सभा झाली. 1980 च्या लष्करी बंडानंतर रस्त्यावर उतरायची कोणाची हिंमत नव्हती, त्या काळातला हा पहिल्या मोठ्या जाहीर मोर्चांपैकी एक, आणि तो बायकांनी काढला. त्या चळवळीतून 1990 मध्ये ‘मोर चाती’ म्हणजे जांभळं छप्पर नावाची संस्था उभी राहिली, मार खाणाऱ्या बायकांना आसरा देणारी, ती आजही काम करते. कायद्यातलं ‘नवरा हा कुटुंबाचा प्रमुख’ हे कलम जायला मात्र 1 जानेवारी 2002 उजाडावं लागलं.

ह्यात भाषेचा एक धागा आहे तो सोडू नका. त्या मोर्चाची घोषणा होती ‘दायाक’ विरुद्ध ‘दायानिश्मा’. दायाक म्हणजे मार, दायानिश्मा म्हणजे एकमेकींना आधार, एकजूट. दोन्ही शब्द ‘दायामाक’ म्हणजे टेकणे, टेकू देणे ह्याच घरातले. आणि आता देदे कोर्कुत नावाच्या, ओघुझ ह्या तुर्किक टोळ्यांच्या जुन्या कथांकडे चला, त्यांच्या सुरुवातीला बायकांचे चार प्रकार सांगितलेत आणि त्यातली सगळ्यात चांगली बाई कोण तर ‘एविन दायायी’, घराचा दायाक, घराचा टेकू! नवरा घरी नसताना माळरानावरून पाहुणा आला तर त्याला खाऊपिऊ घालून, मान देऊन पाठवणारी. बाकीच्या तिघी म्हणजे: सकाळी तोंड न धुता नऊ भाकऱ्या आणि दह्याचं भांडं संपवून ‘ह्या घरात आल्यापासून पोट भरलं नाही’ म्हणणारी, दुपारपर्यंत दारोदार गप्पा मारून घरी येते तर कुत्र्याने आणि वासराने घराचा उकिरडा केलेला अशी, आणि नवरा म्हणाला पाहुण्याला वाढ तर पीठ नाही, चाळण नाही, उंट गिरणीवरून आला नाही म्हणणारी. म्हणजे बाईचं माप काय, तर पाहुणचार. जिथे पुढची वस्ती दिवसभराच्या वाटेवर असते तिथे पाहुण्याला जेवू घालणं म्हणजे जिवाचा प्रश्न, हे लक्षात घेऊन वाचा. पण त्याच पुस्तकात बानू चिचेक आहे, जी नवऱ्या मुलाशी आधी घोडा पळवते, मग बाण मारते, मग कुस्ती खेळते. आणि वेड्या दुम्रुलची बायको आहे, त्याचा जीव घ्यायला मृत्यूचा देवदूत आला तेव्हा आईबाप म्हणाले आमचा जीव देणार नाही, बायको म्हणाली माझा घे. एकाच पुस्तकात चारही प्रकारच्या बायका आणि ह्या दोघी पण, मग ‘देदे कोर्कुतमधली बाई’ असं एकवचनात कसं लिहिणार?

कुस्तीवरून आठवलं, महमूद काशगरीने 1070 च्या दशकात बगदादमध्ये तुर्किक बोलींचा कोश लिहिला, त्यात म्हण आहे: ‘किझ बिर्ला क्युरेश्मे, किसराक बिर्ला यारिश्मा’, मुलीशी कुस्ती खेळू नकोस, घोडीशी शर्यत लावू नकोस. कारण ती तुला हरवेल. आजही कझाख-किरगीझ लोकांमध्ये ‘किझ कू’ नावाचा घोड्यावरचा खेळ आहे, आधी मुलगा मुलीचा पाठलाग करतो आणि परत येताना मुलगी त्याच्यामागे चाबूक घेऊन. हे नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वीचं वाक्य आणि ‘केस लांब, अक्कल आखूड’ ही आजची तुर्की-कझाख म्हण एकाच भाषाकुटुंबात राहतात. बाबरने पण आपल्या आत्मचरित्रात, जे त्याने चगताई ह्या मध्य आशियातल्या जुन्या तुर्किक भाषेत लिहिलं, आजी एसान दौलत बेगमबद्दल लिहून ठेवलंय की सल्ला आणि डावपेच ह्यात तिच्यासारख्या बायका थोड्याच.

किरगीझ म्हण एक आहे, ‘ताश त्युश्क्योन जेरिन्दे ओर’, दगड जिथे पडतो तिथेच जड असतो. ऐकायला केवढी छान, स्थिर माणसाचं कौतुक वाटेल. पण ‘आला काचू’ म्हणजे मुलगी पळवून नेऊन लग्न लावायची जी प्रथा आहे, त्यात मुलगी रडत असते आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या बायका तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधायचा प्रयत्न करत हेच वाक्य म्हणतात, आता इथे पडलीस, इथेच जड हो. किरगिझस्तानने 2013 मध्ये ह्या गुन्ह्याची शिक्षा बरीच वाढवली, तरी हे वाक्य अजून बोललं जातं. उझ्बेक गोफण आणि किरगीझ दगड शेजारी ठेवा, एकीकडे दगड फेकला, दुसरीकडे दगड पडला. आणि त्याच किरगिझांच्या 50 सोमच्या नोटेवर कोण आहे? कुर्मानजान दात्का, 1811 मध्ये जन्मलेली, जिने ठरवून दिलेला नवरा नाकारला आणि बापाच्या घरी परत आली, आणि पुढे अलाय भागातल्या लोकांचं नेतृत्व केलं. दगड पडल्या जागी राहिला नाही म्हणून तर नोटेवर गेला.

विधवेबद्दल कझाख म्हण आहे, मोठा भाऊ मेला तर वहिनी वारसा, धाकटा मेला तर सून, म्हणजे त्याची बायको, वारसा. दिराशी लग्न लावायची ही पद्धत, तिला ‘आमेंगेरलिक’ म्हणतात. जोडीला ‘बाई नवऱ्यापासून सुटली तरी कुळापासून सुटत नाही’. ह्यात क्रूरपणा आहेच, पण माळरानात मुलांसकट विधवा एकटी पडू नये ही सोय पण त्यात होती, थीसिसमध्ये दोन्ही लिहा.

आता म्हणींच्या बाहेर एक गोष्ट सांगते जी मराठी वाचकाला नक्की आवडेल. कझाख-किरगीझ सून सासरच्या मोठ्या माणसांची नावं घेत नाही, ह्या प्रथेला ‘तेर्गेउ’ म्हणतात. नवऱ्याच्या मोठ्या भावांची, सासऱ्याची, चुलत्यांची, सगळ्यांची नावं वर्ज्य. एक गोष्ट सगळीकडे सांगतात, सांगणाऱ्यागणिक नावं थोडी बदलतात: एका सुनेच्या सासरच्या लोकांची नावं नदी, बोरू, लांडगा, मेंढी, सुरी आणि धार लावायचा दगड ह्यांच्यावरून होती. ती पाणी आणायला गेली तर नदीपलीकडे, बोरूच्या बेटाच्या अलीकडे लांडगा मेंढीला फाडतोय. आता ओरडायचं कसं? ती धावत आली आणि म्हणाली, खळखळतीच्या पलीकडे, सळसळत्याच्या अलीकडे, हुऽऽ करणारा बें-बें करणारीला खातोय, कापायचं आणि घासायचं घेऊन लवकर या! एकही नाव घेतलं नाही आणि निरोप पोचला. ही गोष्ट हसून सांगतात, सुनेच्या हुशारीची म्हणून. मला दरवेळी त्यात दोन्ही दिसतं, तोंडाला लावलेलं कुलूप आणि त्या कुलपातून काढलेली वाट. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, ‘अहो’, ‘इकडून’, ‘तिकडची स्वारी’, आणि मग नाव घ्यायची वेळ आली की उखाणा. फरक एवढाच की आपल्याकडे बंदी मुख्यतः नवऱ्याच्या नावावर आणि वाट उखाण्यातून, तिकडे बंदी अख्ख्या सासरवर आणि वाट नवीन नावं पाडण्यातून. दिराला ‘मिर्झा’, नणंदेला ‘एर्केम’ म्हणजे माझी लाडकी, अशी नावं सुना देतात आणि कधीकधी अख्खं गाव त्याच नावाने हाक मारायला लागतं. म्हणजे भाषेत नवीन शब्द आणायचं काम गप्प बसायला लावलेल्या सुनेने केलं.

म्हणून माझा आग्रह आहे की फक्त म्हणी घेऊ नका, बायकांचं स्वतःचं पण घ्या. कझाख नवरी माहेर सोडताना ‘सिंगसू’ गाते, विलाप, घराच्या उंबऱ्याला, आईला, भावंडांना उद्देशून. म्हणीत मुलगी पाहुणी आहे, सिंगसूमध्ये ती पाहुणी विचारते की मला पाहुणी कोणी केलं. तुर्की गावांमध्ये बायका डोक्याच्या रुमालाला सुईने विणलेली नक्षी लावतात, ‘ओया’, आणि त्यात मिरचीची नक्षी घातली की कळतं नवऱ्याशी बिनसलंय. तोंडाने एक शब्द नाही, रुमालाच्या काठाला लाल मिरच्या, आणि विहिरीवरच्या सगळ्यांना कळलं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच आहे हे. म्हणी ऐकून मराठी बाईचा अंदाज बांधला तर चुकेल आणि ओव्या ऐकल्या तर तीच बाई वेगळी दिसेल, अगदी तसंच तिकडे.

आई ह्या विषयावर मी मुद्दाम कमी लिहिलंय कारण तिथे सगळे तुर्किक लोक एकसुरात बोलतात, स्वर्ग आईच्या पायाखाली, ‘रडली तर माझी आईच रडेल, बाकीचे खोटे रडतील’. शब्दांमधली एकच गंमत नोंदवा: तुर्कीत राज्यघटनेला ‘आनायासा’ म्हणतात, शब्दशः आई-कायदा, कारण ‘आना’चा अर्थ मुख्य असा पण होतो, आणि कझाखमध्ये राज्यघटना ‘आता झांग’, म्हणजे बाप-आजोबांचा कायदा. ह्यावरून तुर्क मातृसत्ताक आणि कझाख पितृसत्ताक असा निष्कर्ष काढलात तर गाईड तुम्हाला परत पाठवतील आणि बरोबर करतील.

तर प्रॅक्टिकल सांगायचं तर, 300 म्हणींची लिस्ट करून चांगल्या-वाईट अशा दोन रकान्यांत वाटू नका, हे खूप जणांनी केलंय आणि त्यातून काही निघत नाही. 40 घ्या. प्रत्येकीसमोर लिहा: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, लग्नाआधी की नंतर, कौतुकात की भांडणात, आणि आज कोणी वापरतं का. त्यासाठी माणसांशी बोलावं लागेल, पुण्यात-मुंबईत मध्य आशियातून शिकायला आलेल्या मुली असतात, व्हिडिओ कॉलवर त्यांच्या आज्या पण बोलतात, हिंदी सिनेमांमुळे आपल्याबद्दल प्रेम आहे तिकडे. इंटरनेटवर इंग्रजीत फिरणाऱ्या ‘तुर्की म्हणी’ मूळ भाषेत सापडल्याशिवाय घेऊ नका, बऱ्याच कोणीतरी बनवलेल्या असतात. कझाख-किरगीझसाठी सिरिलिक, म्हणजे रशियन लिहितात ती लिपी शिकावी लागेल, दोन आठवड्यांत होते, घाबरू नका. आणि लिस्ट झाली की मला दाखवा, जावा-जावांच्या म्हणी आधी, कारण त्या मी स्वतः गोळा करतेय आणि कझाखमधल्या माझ्याकडे फार कमी आहेत.